जुन्या सागवानी दाराचा रंग हीट गनने काढताना: एका कामाची पूर्ण नोंद

काम होतं एका जुन्या घरातल्या दोन झडपांच्या सागवानी दाराचं. खालच्या अर्ध्यात लाकडी दिल्हे (झडपेच्या पट्ट्यांमध्ये बसवलेल्या सपाट फळ्या), वरच्या अर्ध्यात प्रत्येक झडपेला सहा लहान काचा, दिल्ह्यांच्या कडेने नक्षीच्या पट्ट्या, आणि हे सगळं जाड चॉकलेटी ऑइलपेंटखाली बुजलेलं. दार नीट लागत नव्हतं. दर काही वर्षांनी जुन्या रंगावरच नवे हात मारत गेल्याने झडपांच्या कडा जाड झाल्या होत्या, बिजागऱ्यांच्या स्क्रूंच्या खाचा दिसत नव्हत्या आणि खांद्याने दार रेटल्याशिवाय कडी कोयंड्यात बसत नव्हती. घरातल्या काकूंना दोन गोष्टी हव्या होत्या: दार सहज लागावं आणि आतलं सागवान दिसावं. एका रंगाऱ्याने त्यांना ब्लो लॅम्प (रंग जाळून काढायची ज्योतीची बत्ती) लावून एका दिवसात दार सोलून देतो असं सांगितलं होतं. त्याला थांबवून त्यांनी आम्हाला बोलावलं.

आम्ही मुख्यतः हीट गन (तापलेल्या हवेचा झोत सोडणारं विजेचं हत्यार) वापरली. ती कुठे उपयोगी पडली, कुठे नाही आणि चौकटीमागे धूर निघाला तेव्हा काय केलं, ते इथे क्रमाने लिहितो आहे. घरात आणि वर्कशॉपमध्ये इतक्या वेगवेगळ्या कामांना येणारी हत्यारं थोडीच असतात, आणि हीट गन त्यातली एक आहे असं माझं ठाम मत आहे. पण ती चालवणाऱ्याचं कसब कळतं ते तो कुठे थांबतो आणि ती कधी खाली ठेवून पत्री (रंग खरवडायचं पातं) उचलतो यावरून.

आधी थर मोजले

झडपेच्या मागच्या बाजूला, सहसा नजर जाणार नाही अशा जागी ब्लेडने तिरपा छेद घेतला, ओल्या पॉलिश पेपरने तो हलका घासला आणि भिंगातून पाहिलं. वरून खाली चॉकलेटी, पुन्हा चॉकलेटी, क्रीम, फिका निळा, हिरवा, करडा आणि लाकडाला धरून पांढरं अस्तर, असे सात थर निघाले. ऑइलपेंटचा एक हात वाळल्यावर साधारण ३० ते ४० मायक्रॉन भरतो, म्हणजे सात थर मिळून जेमतेम पाव मिलिमीटर. पण मधेमधे लांबी (खाचा बुजवायचा रंगाऱ्यांचा लगदा) भरली होती, कडांवर रंगाचे ओघळ साचले होते. तिथे जाडी दीड-दोन मिलिमीटरपर्यंत गेली होती. झडप आणि चौकट यांच्यात मोकळी फट असते तीच दोन-तीन मिलिमीटरची. दार का अडतं ते तिथेच कळलं. रंधा मारायची गरजच नव्हती, आणि मारला असता तर चांगलं लाकूड वाया गेलं असतं.

थर मोजण्याचं दुसरं कारण शिसं. जुन्या ऑइलपेंटमध्ये ते हमखास असू शकतं. लाकडावरच्या अस्तरात सफेदा, लोखंडावर शेंदूर, पिवळ्या आणि हिरव्या रंगात क्रोम पिवळा, ही सगळी शिशाचीच संयुगं. अमेरिकेत घरगुती रंगातल्या शिशावर १९७८ मध्ये निर्बंध आले. भारतात ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा घालणारे नियम २०१६ मध्ये निघाले आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. म्हणून 'घर फार जुनं नाही' एवढ्यावर निश्चिंत राहता येत नाही. रक्तातल्या शिशाची कुठलीही पातळी सुरक्षित म्हणून माहीत नाही अशी जागतिक आरोग्य संघटनेची भूमिका आहे, आणि सगळ्यात जास्त नुकसान लहान मुलांचं होतं. काकूंचा नातू तेव्हा रांगत होता.

तपासणीच्या कांड्या मिळतात. त्यातल्या ऱ्होडिझोनेट या रसायनावर चालणाऱ्या कांड्या शिसं असेल तर गुलाबी-लाल होतात. कांडी नुसती वरच्या रंगावर फिरवून काहीच कळत नाही, सगळे थर उघडे पडतील असा छेद घेऊन तिथे घासावी लागते. आमची कांडी पांढऱ्या अस्तरावर लगेच गुलाबी झाली, हिरव्यावर हळूहळू. क्रोम रंगांवर ती उशिराच बोलते. खात्रीचा निकाल प्रयोगशाळेतूनच मिळतो, पण एवढं दिसल्यावर पुढचं सगळं काम शिसं आहे असं धरूनच केलं. नातवाला आणि त्याच्या आईला सगळी सफाई होईपर्यंत दुसरीकडे राहायला पाठवलं. काकू मात्र घर सोडायला तयार नव्हत्या. त्यांची खोली बंद ठेवून ये-जा मागच्या दाराने ठेवली.

ब्लो लॅम्प का नाही, हीट गन का

शिशाच्या रंगावर कोरडं सँडिंग हा सगळ्यात वाईट मार्ग. धूळ घरभर जाते आणि महिनोन् महिने फटींतून निघत राहते. ब्लो लॅम्पची ज्योत हजार अंशांच्या वर असते. त्यात रंग जळतो, शिशाचा धूर होतो आणि लाकूड काळं पडतं, शिवाय आगीचा धोका उघडाच. कॉस्टिक सोड्याच्या टाकीत दार बुडवलं तर रंग जातो, पण सागवान काळवंडतं, त्याचे तंतू उभे राहतात आणि सांधे सुटतात. डायक्लोरोमिथेन असलेले पेंट रिमूव्हर झपाट्याने काम करतात, पण ते शरीरात गेलं की त्याचं कार्बन मोनॉक्साइड होतं, आणि बंदिस्त जागेत ते वापरताना माणसं दगावली आहेत. अमेरिकेने सर्वसामान्य ग्राहकांना असे रिमूव्हर विकण्यावर २०१९ मध्ये बंदी घातली.

राहिली हीट गन आणि बेंझिल अल्कोहोलवर चालणारी संथ रिमूव्हर पेस्ट. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या नियमांत शिशाच्या रंगावर उघडी ज्योत चालत नाही आणि ११०० फॅरनहाइट, म्हणजे सुमारे ५९३ अंश सेल्सियस किंवा त्याहून जास्त तापमानाची हीट गनही चालत नाही. त्याखाली चालते. बाजारातल्या बऱ्याच गन ६०० किंवा ६५० अंशांपर्यंत जातात. म्हणजे तापमानाची चाकी पूर्ण फिरवली की आपण मर्यादेच्या पलीकडे. आम्ही असं ठरवलं: सपाट भाग गनने, नक्षी आणि काचेलगतचा भाग पेस्टने, शेवटचं अस्तर हाताने. आणि क्रम पक्का, आधी गन मग पेस्ट. पेस्ट लावलेल्या किंवा थिनरने पुसलेल्या लाकडावर गन धरायची नाही, वाफा पेट घेऊ शकतात.

वीज

याचा विचार कुणी करत नाही म्हणून लिहितो. गन २००० वॉटची. २३० व्होल्टला ती पावणेनऊ अँपिअरच्या आसपास करंट ओढते, आणि तोही तास न् तास. दाराजवळचा प्लग ६ अँपिअरचा होता, घरातली एक्स्टेन्शन बारीक वायरची. दोन्ही बाजूला ठेवले आणि आतल्या खोलीतल्या १६ अँपिअरच्या पॉइंटवरून अडीच चौरस मिलिमीटर वायरची एक्स्टेन्शन ओढली. ती रिळावरून पूर्ण उलगडून टाकली. गुंडाळलेल्या वायरला उष्णता बाहेर टाकायला जागा मिळत नाही आणि तिचं वेटोळं आतून तापत राहतं. मधूनमधून प्लगला हात लावून बघायचो. कोमट असेल तर चालेल, हात ठेववत नसेल तर काम थांबवायचं.

सपाट दिल्हे: हात कसा बसला

झडपा बिजागऱ्यांवरून उतरवून आडव्या ठेवल्या. बिजागऱ्यांचे स्क्रू आधी गननेच सोडवले. स्क्रूच्या डोक्यावरचा रंग तापवून टोकदार सुईने खाच मोकळी केली, डोकं आणखी थोडं तापू दिलं, मग पेचकस खाचेत दाबून धरून आधी किंचित आवळायच्या दिशेने आणि मग उलट फिरवला. जुना रंग आणि गंज यांची पकड त्या आवळण्यानेच सुटते. बहुतेक स्क्रू अख्खे निघाले.

खाली जाड प्लास्टिकची ताडपत्री, कडा टेपने चिकटवलेल्या. तोंडावर अर्ध्या चेहऱ्याचा रेस्पिरेटर, त्याला पी-१०० फिल्टर आणि सेंद्रिय वाफांचं कार्ट्रिज. साध्या कापडी मास्कने काही होत नाही, आणि एन-९५ कण अडवतो पण वाफ अडवत नाही. अळशीच्या तेलाचा जुना रंग तापला की त्यातून ॲक्रोलीन निघतं, ते डोळ्यांना आणि घशाला झोंबतं. खिडक्या उघड्या ठेवल्या. पंखा मात्र कामाच्या दिशेने लावला नाही.

गनवर ४०० अंश लावले. हा आकडा गनच्या तोंडाशी असलेल्या हवेचा असतो. चार बोटं लांब ती हवा बरीच निवलेली असते, आणि लाकडाचं तापमान तर अंतर, वेळ आणि हाताचा वेग यांवर ठरतं. म्हणून शेजारी, न टेकवता दुरून तापमान मोजणारा इन्फ्रारेड थर्मामीटर ठेवला. रंगावर आणि लाकडावर त्याचं वाचन भरवशाचं असतं. चकचकीत पितळ किंवा स्टीलवर तो खूप कमी दाखवतो, तिथे त्याच्यावर विसंबू नये. या दारावर रंग १७० ते २०० अंशांच्या दरम्यान सुटायला लागला. लाकूड दोनशेच्या पुढे करपायला लागतं. म्हणजे आपल्याला खेळायला जागा फार थोडी होती, आणि ती हाताने सांभाळायची होती. चाकी फिरवून ती वाढत नाही.

तोंड पृष्ठभागापासून ५ ते ८ सेंटिमीटरवर, साधारण ४५ अंशांत तिरपं. एका जागी रोखून धरायचं नाही, तळहाताएवढ्या पट्ट्यात सावकाश मागेपुढे फिरवायचं. रंग काय करतो ते बघत राहायचं. आधी त्याची चकाकी जाते. मग बारीक सुरकुत्या पडतात. मग टाचणीच्या डोक्याएवढे फोड येतात आणि एकमेकांत मिसळतात. पत्री चालवायची वेळ तीच. फोड आल्यावर आणखी थांबलं की धूर दिसतो, आणि धूर दिसला म्हणजे उशीर झाला. जास्त भाजलेला रंग मऊ राहत नाही, काळं कवच होऊन लाकडाला आधीपेक्षा घट्ट धरून बसतो. रंग निघत नाही म्हणून गन जवळ नेणाऱ्याचं काम यामुळेच आणखी अडतं.

पत्री लाकडाच्या रेषेच्या दिशेने, जवळजवळ आडवी धरून ढकलली. तिचे दोन्ही कोपरे कानशीने गोल केले होते, नाहीतर तापलेल्या लाकडात ते रुततात. गन डाव्या हातात एक वीत पुढे, पत्री उजव्या हातात तिच्या मागोमाग. लय जमली की वरच्या सहा थरांची सलग पट्टी निघते, वरून चॉकलेटी आणि खालून करडी. ती पत्र्याच्या डब्यातच टाकायची. प्लास्टिकच्या पिशवीत टाकली तर पिशवी वितळते, आणि कागदात गरम रंगाचा गोळा धुमसू शकतो.

शेवटचं पांढरं अस्तर लाकडाच्या छिद्रांत मुरलेलं असतं. ते उष्णतेने निघत नाही. मदतीला एक तरुण सुतार होता, हात चांगला, पण तिथे तो अडला.

"काका, अजून थोडं वाढवू का? पांढरं राहतंय."

"वाढवू नकोस, जवळही नेऊ नकोस. तिथे उचलण्यासारखा रंग उरलेला नाही, आता नुसतं लाकूड तापतंय."

तिथे गन ठेवली. पांढऱ्यावर नंतर पेस्ट लावली, वर प्लास्टिक पसरून ती ओली ठेवली, आणि लाकूडही ओलं ठेवून खरवडून काढलं. जागोजागी छिद्रांत थोडं पांढरं राहिलं, ते राहू दिलं. ते काढायच्या नादात लाकडाची मूळ पातळी गेली असती.

उष्णतेने आणखी एक गोष्ट उघडी केली. एका झडपेच्या खालच्या आडव्या पट्टीत जुन्या दुरुस्तीचा तुकडा होता, पांढऱ्या सरसाने चिकटवलेला. तो सरस साठ-सत्तर अंशांपुढे मऊ पडतो, त्यामुळे तुकडा गनखाली हलायला लागला. काढून पाहिलं तर मागे वाळवीने पोखरलेलं लाकूड. रंगाखाली आणि लांबीखाली ते दिसलंच नव्हतं. मूळ सांधे लाकडी खुंट्या मारलेले होते म्हणून झडप ताठ राहिली. पण नुसत्या सरसावर उभं असलेलं सामान, व्हिनिअर किंवा सनमायका असेल तर गनपुढे धरण्याआधी दोनदा विचार करावा. हीच खोड दुसरीकडे कामाला येते. जुनी सनमायका उचलायची असेल तर कडेने मध्यम उष्णता देत पत्री सरकवली की ती अख्खी निघते.

काचा

साधी काच एका जागी तापली आणि बाजूला थंड राहिली की तडकते. तापमानात चाळीस-पन्नास अंशांचा फरकही पुरतो, आणि तडा बहुतेक वेळा कडेवरच्या टवक्यापासून सुरू होतो. इथे पेच असा, की काच वाचवायची तर ती आधी काढून ठेवावी, आणि काढायची तर दगडासारखी झालेली अळशीची पुट्टी मऊ करायला उष्णताच हवी.

गनला काचेच्या कामासाठी मिळणारं, एका बाजूने हवा अडवणारं तोंड लावलं. पुठ्ठ्याला ॲल्युमिनियम फॉइल गुंडाळून प्रत्येक काचेच्या मापाची ढाल केली आणि पुट्टीच्या कडेपर्यंत टेकवली. तापमान खाली आणलं. गन पुट्टीच्या रेषेला समांतर ठेवून चारही बाजूंना फिरवत राहिलो, म्हणजे काच तापलीच तर सगळीकडे सारखी तापेल. पुट्टी लोण्याइतकी मऊ होत नाही, होण्याची वाट बघायचीही नसते. ती ठिसूळ होऊन सुटायला लागली की पटाशीने हलकेच उचलायची. काचा धरून ठेवणारे बारीक खिळे पक्कडीने काढले.

एका काचेच्या कोपऱ्याला जुना टवका होता. ती जाण्याचा संभव आहे असं काकूंना आधीच दाखवून ठेवलं होतं. ती गेली. बाकीच्या अकरा निघाल्या आणि जपून ठेवल्या. जुन्या काचेत किंचित लाटा असतात, तशी काच आता सहज मिळत नाही. एवढी खटपट करावी ती त्यासाठीच.

चौकट: जिथे काम थांबवलं

झडपा उतरवून बाहेर ठेवता येतात. चौकट भिंतीतच असते, आणि तिच्यामागे काय आहे ते कुणालाच दिसत नाही. भिंत आणि लाकूड यांच्यातल्या फटीत जुना भुसा, जळमटं, पाखरांनी आणलेल्या काड्या, वाळवीने पोखरलेला भुगा, काहीही असू शकतं. गनची गरम हवा फटीत शिरते, आणि ज्वाळा न दिसता तो भुसा धुमसत राहू शकतो. तासभर, कधी त्याहून बराच जास्त वेळ. ३० एप्रिल २००७ रोजी वॉशिंग्टनमधल्या जॉर्जटाउनच्या सार्वजनिक ग्रंथालयाला मोठी आग लागली. तिथे नूतनीकरणाचं काम चालू होतं आणि आगीचा संबंध रंग काढायला वापरलेल्या हीट गनशी जोडला गेला. ती इमारत पुन्हा उघडायला २०१० उजाडलं. हे मी मदतनिसांना नेहमी सांगतो, कारण हातात ज्योत नसली की माणसाला आग आठवत नाही.

म्हणून चौकटीसाठी नियम वेगळे ठेवले. गन ३०० वर. हवेचा झोत कधीही फटीच्या दिशेने नाही. फटीत पातळ पत्र्याची पट्टी सरकवलेली. शेजारी पाण्याची बादली, फवारणीची बाटली आणि अग्निशामक. दिवसाचं गनचं काम संपलं की पुढे किमान तासभर तिथेच थांबायचं. त्या तासात ताडपत्री पुसायची, डबे बंद करायचे, पण जागा सोडायची नाही.

चौकटीची एक उभी बाजू आणि वरचा कोपरा झाल्यावर त्या दिवसापुरती गन बंद केली होती. अर्धा तास होत आला असेल. काकू दारापलीकडून म्हणाल्या, "अहो, हा रंगाचा वास नाही. वाळलेलं गवत जळल्यासारखा येतोय." रेस्पिरेटर लावलेला असल्यामुळे तो वास आम्हा दोघांना आलाच नव्हता.

डोळ्यांना धूर दिसत नव्हता. इन्फ्रारेड थर्मामीटर चौकटीवरून खालून वर फिरवत नेला. सगळं लाकूड चाळीसच्या आसपास निवलं होतं. वरच्या कोपऱ्याजवळ वीतभर जागा ५८ दाखवत होती. मिनिटभराने पुन्हा पाहिलं, ६४. गन बंद झाल्यावर लाकूड निवत जायला हवं. तापमान चढतंय याचा अर्थ आत उष्णता तयार होते आहे. नुसत्या एका आकड्यावरून हे कळलं नसतं, तो वाढतो आहे यावरून कळलं.

आधी त्या खोलीतला पंखा बंद केला. मग पटाशी आणि हातोडीने चौकट आणि भिंत यांच्यावरची झाकणपट्टी काढली. ती निघताच धुराची बारीक रेघ बाहेर आली. मागे सुक्या काड्यांचा आणि भुशाचा दाबून बसलेला थर होता, मध्ये काळा, आणि काळ्याच्या कडेला लाल ठिपके. पट्टी काढली की आत हवा जाते आणि धुमसणारं पेटू शकतं, म्हणून मदतनीस फवारणीची बाटली रोखून तयार होता. त्याने बारीक फवारा मारत ठेवला, मी काड्या चिमट्याने ओढून बादलीत टाकल्या. लाकूड आतून बोटभर करपलं होतं, त्यापुढे आग गेली नव्हती. सगळी फट वरपासून खालपर्यंत मोकळी केली, ओली केली, आणि वाचन आजूबाजूच्या भिंतीइतकं खाली येऊन तिथेच स्थिर राहीपर्यंत मोजत बसलो. त्या रात्री घरात माणूस जागा ठेवला.

हवा गेली कुठून? पत्र्याची पट्टी जागेवरच होती. चौकटीच्या कोपऱ्यातल्या सांध्यात लांबीने बुजलेली चीर होती. उष्णतेने लांबी गळून पडली आणि तिथून वाट मोकळी झाली. गन ३०० वर असतानाही सुक्या भुशाला ते पुरलं. चौकटीचं उरलेलं काम गनने करायचं नाही हे तिथल्या तिथे ठरलं. पुढे उरलेली सगळी चौकट पेस्टने केली. वेळ खूप जास्त लागला. काकूंनी त्यावर एकदाही घाई केली नाही, याचं मला फार बरं वाटलं.

जाता जाता झालेली कामं

गन हाताशी होती म्हणून आणखी काही किरकोळ कामं उरकली. कड्या, कोयंडे, बिजागऱ्या दारापासून सुट्या करून तापवल्या. लोखंडावरचा रंग लाकडापेक्षा सहज सुटतो, फक्त तिथे शेंदूर असू शकतो म्हणून मास्क तोच आणि गाळ त्याच डब्यात. घंटीच्या वायरचा चौकटीजवळचा जोड उघडा पडला होता. वीज बंद करून तो नव्याने डाखला आणि हीट श्रिंक नळी चढवली. साधी पॉलिओलेफिन नळी साधारण ९० ते १२० अंशांत आकसते, त्यामुळे गन कमी तापमानावर आणि नळीच्या मध्यापासून दोन्ही टोकांकडे फिरवली, म्हणजे आत हवा अडकत नाही. पाण्याच्या नळाकडे जाणारा पीव्हीसी पाइप जरा वाकवायचा होता. पीव्हीसी ८० अंशांच्या आसपास मऊ पडतं. आत वाळू भरली की वाकताना ते चेपत नाही. ते फार तापवलं तर हायड्रोजन क्लोराइडचा तिखट वायू निघतो, म्हणून पृष्ठभाग तपकिरी होण्याच्या खूप आधी थांबायचं. एवढ्या कामांना एकच गन पुरते, पण प्रत्येकीचं तापमान वेगळं. तेव्हा चाकी असलेली गन घ्यावी, नुसत्या दोन बटणांची नको.

गन बंद करायचीही रीत आहे. आत नायक्रोमची तार अभ्रक किंवा सिरॅमिकवर गुंडाळलेली असते. थेट स्विच बंद केला तर पंखा थांबतो आणि तारेतली उष्णता आतच कोंडते. म्हणून दोन मिनिटं थंड हवेवर चालू ठेवायची, मग बंद करून तोंड वर करून उभी ठेवायची. तोंड त्यानंतरही बराच वेळ भाजतं.

सफाई आणि शेवटी जे तसंच ठेवलं

ताडपत्री कडांपासून आत गुंडाळत नेली. फरशी, खिडकीचे कट्टे, भिंतीचा खालचा भाग ओल्या फडक्याने पुसला. फडकं एका बादलीत पिळायचं आणि दुसऱ्या बादलीतल्या स्वच्छ पाण्यात भिजवायचं, एकच बादली वापरली तर शिसं फिरून परत फरशीवर येतं. अगदी बारीक धूळही अडवणाऱ्या हेपा फिल्टरच्या व्हॅक्यूमने फटी साफ केल्या. झाडू लावला नाही. कामाचे कपडे वेगळे धुतले. खरवडलेला गाळ डब्यात बंद करून घातक कचरा म्हणून दिला, अंगणात पुरला नाही आणि जाळलाही नाही. पुसलेल्या फरशीवर कांडीने पुन्हा तपासलं, ती रंगली नाही, तेव्हाच नातू परत आला.

क्षेत्रफळाने मोजलं तर झडपांच्या दोन-तृतीयांश भागावरचा रंग गनने निघाला. वेळेने मोजलं तर निम्म्याहून जास्त वेळ नक्षी, काचा, चौकट आणि सफाईत गेला. काम अंगावर घेताना लोक पहिला हिशेब करतात आणि दुसऱ्यात अडकतात. उतरवता येईल असं सपाट, भरीव लाकूड असेल तर मी पुन्हा गनच घेईन. भिंतीत बसलेल्या चौकटीला मात्र आता लावणार नाही, मागची फट उघडून स्वतः पाहिली असेल तरच.

पोखरलेल्या पट्टीत सागवानाचा नवा तुकडा बसवला, झडपांना तेल देऊन पॉलिश केलं, अकरा जुन्या आणि एक नवी काच नव्या पुट्टीत बसवल्या. आता दार हलक्या हाताने लागतं. दारावरच्या झरोक्याच्या चौकटीचा रंग मात्र आम्ही काढलाच नाही. तो घट्ट होता, तिथे मुलाचा हात पोहोचत नव्हता आणि मागे तीच फट होती. कडेच्या दोन-चार सुट्या खपल्या ओल्या करून काढल्या, अस्तर लावलं आणि वरून दोन हात मारले. तिथे शिसं आहे हे काकूंना कागदावर लिहून दिलं आहे, म्हणजे पुढे कुणी तिथे सँडर लावायच्या आधी ते वाचेल.